दुसरं मडकं

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की ती ज्या माळावर घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या माळाच्या कडेला मेंढपाळांची एक वाडी होती. उन्हाळा तापला की पुरुष मेंढरं आणि कुत्री घेऊन लांबच्या चराईला जात. मागे उरत बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि लहान कोकरं.

त्या वाडीत एक तरणी आई होती. तिचं बाळ नुकतंच रांगू लागलं होतं. सगळे तिला लेकुरवाळी म्हणत. बाळ रडलं की तिचा जीव घाबरा होई, आणि बाळ शांत झोपलं की जास्तच घाबरा होई. मग ती त्याच्या नाकाशी बोट धरून बसे.

त्या उन्हाळ्यात वाडीत लांडगा शिरू लागला. आधी कोकरं गेली. मग एका घरचं अंगणात निजलेलं मूल गेलं. ज्या घरी घात झाला, ते घर एकच सांगे, "त्या रात्री टिटवी ओरडत होती."

लेकुरवाळीच्या मनानं घेतलं, की टिटवीच लांडग्याला बोलावते. ती वाडीचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या बाबांकडे गेली.

"बाबा, माळावरच्या टिटव्या हाकलून लावा. त्यांची अंडी फोडा. नाहीतर माझं बाळ जाईल."

"टिटवी लांडग्याला बोलावते, हे कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात."

"सगळे म्हणजे कोण, पोरी?"

बाबांनी दोन रिकामी मडकी तिच्यापुढे ठेवली.

"प्रत्येक घरी जा. एकही दार सोडू नको. टिटवी ओरडली आणि घात झाला, अशा रात्रीचा खडा या मडक्यात टाक. टिटवी ओरडली आणि काहीच झालं नाही, अशा रात्रीचा खडा त्या दुसऱ्यात. मग दोन्ही घेऊन ये. बघू, काय दिसतं ते."

ती माळावर खडे वेचायला गेली. एक ठिपक्याठिपक्यांचा खडा उचलणार, तोच टिटवी किंचाळत तिच्या डोक्यावर झेपावली. तो खडा नव्हता, अंडं होतं. बाळाला छातीशी धरून ती मागे सरकली. 'बघा, माझ्यावर आत्तापासूनच डूख धरलाय,' ती मनाशी म्हणाली. दुसरीही एक आई आपल्यासारखीच ओरडतेय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

घरी येऊन ती निघाली. कडेवर बाळ होतं, आणि हात उरला एकच. दुसरं मडकं तिनं उंबऱ्यापाशी ठेवलं. 'ते नंतर नेऊ,' असं तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेलं किती पटकन पटतं.

मग ती जिथं रडारड झाली होती, त्या घरांत गेली.

"टिटवी ओरडली होती?"

"ओरडत होती की. आम्ही भिऊन घोंगडीत तोंड खुपसून पडलो, बाई. सकाळी बघतो तर कोकरू नाही."

तिनं 'ओरडत होती' एवढं ऐकलं आणि खडा टाकला. पुढचं ऐकायला थांबली नाही. शेजारच्या म्हातारीच्या दारावरून ती तशीच गेली. तिच्याकडचं काही गेलं नव्हतं. मग तिला विचारायचं तरी काय?

मडकं भरलं. वाडी पारावर जमली. खडे पाहून बायका रडू लागल्या.

"आणि दुसरं?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्यात टाकायला काही मिळालं नाही," लेकुरवाळी म्हणाली.

हे खोटं होतं का? तिला तसं वाटलं नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भरल्या मडक्याकडे पाहिलं, रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं, आणि होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वाडी काठ्या घेऊन माळावर उतरली. अंडी फुटली. टिटव्या दोन-तीन दिवस फुटक्या कवचांवर घिरट्या घालत राहिल्या, मग निघून गेल्या.

माळ गप्प झाला. वाडी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. लेकुरवाळीही झोपली. नाकाशी बोट न धरता झोपली.

पहाटे तिला जाग आली, तेव्हा शेजारची गोधडी गार पडली होती. अंगणातल्या फुफाट्यात लांडग्याच्या पावलांची रांग होती, माळाकडे गेलेली.

बाळाचा शोध संपला त्या दिवशी ती उंबऱ्यापाशी गेली. दुसरं मडकं तिथंच होतं. ते घेऊन ती शेजारच्या म्हातारीच्या दारात उभी राहिली.

"आजी, तुमच्याकडे टिटवी ओरडायची?"

"ओरडायची की, किती वेळा. ती ओरडली की मी उठायची, चूल पेटवायची, थाळी बडवायची. लांडगा कुडापर्यंत येऊन परत जायचा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठं, बाय? माझ्या दारावरून गेलीस. मला वाटलं, ज्याचं काही गेलं नाही त्याचं तुला काय काम."

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्याही दारी तेच. मडकं भरलं, शिगेला आलं, आणि वरचे खडे घरंगळून वाटेत पडू लागले. तिनं ते नेऊन बाबांपुढे ठेवलं. बाबांनी त्यात हात घातला नाही. मान खाली घातली.

"मीही त्या दिवशी थांबायला हवं होतं," ते म्हणाले.

त्या माळावर टिटव्या पुन्हा कधी आल्या नाहीत. आणि तिला लेकुरवाळी म्हणायला वाडीत पुन्हा कुणाची जीभ धजली नाही.

तात्पर्य: आपलं म्हणणं खरं आहे की नाही हे पाहायचं असेल, तर जिथं ते खोटं ठरेल अशी भीती वाटते, ते दार आधी ठोठवावं.