पहिली सुपारी सुराची

माणदेशाच्या एका उतारावर बोरजाई नावाचं गाव आहे. गावाला पाणी कमी, वाजंत्री भरपूर. तिथल्या नाथाच्या देवळामागं, लिंबाखाली, रानबामहाराजांची झोपडी होती. महाराज मोजकं बोलत. ऐकणाऱ्याला तिथल्या तिथं हसू येई, आणि घरी पोचल्यावर डोळ्यांत पाणी.

मायबापहो, त्या काळची चैत्रातली जत्रा ऐकावी! हो, ऐकावीच म्हणते. एवढ्या गर्दीत बघायला मिळायचं कुणाला? पाडवा झाला की गावाची हवाच बदलायची. धनगरवाड्यात गजीचे ढोल उन्हाला टाकलेले, हलगीवाले जाळावर कातडं शेकून एखादी कडाडती टिपरी मारून बघताहेत, जात्यावर बायका पालखीची गाणी घोळवताहेत. पंच दारोदार हिंडून वाजवणाऱ्यांना सुपारी देत. ज्या घरात सुपारी आली, त्या घरात जत्रेपर्यंत कुणी कुणावर ओरडत नसे.

भागूच्या घरी मात्र सुपारी कधीच आली नाही. भागू सूर धरायचा. सनईवाला चालींच्या साऱ्या रानभर हिंडून येतो, तोवर त्याच्या शेजारी बसून एकच सूर अखंड फुंकायचा. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. सनईला सुपारी दिली की सूर मागनं येणारच, असं गाव धरून चालायचं. माणसाला जेवायला बोलावताना त्याच्या सावलीला कोण वेगळं आवतण देतं?

त्याची बायको गजराबाई एकदा महाराजांपाशी कुरकुरली. "म्हाराज, लोकांच्या धन्यांना धा-धा चाली येत्यात. आमच्या ह्यांनी एका सुरावर सगळा संसार रेटला बघा!"

महाराज म्हणाले, "पोरी, आम्हाला अजून तेवढासुद्धा धरता आला नाही."

बाई हसली. महाराजांची थट्टा ती, दुसरं काय!

एका वर्षी भागूला दम्यानं गाठलं. त्याच वर्षी त्याचा धाकटा चुलतभाऊ सर्जेराव कुठल्याशा संस्थानात सनई वाजवून, जरीचा फेटा बांधून गावी परतला. बरोबर चकचकीत बाजाची पेटी. जत्रा तोंडावर आली, तसा तो भागूच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"दादा, यंदा तू घरीच बस. सुराला पेटी आणलीया."

गजराबाई पुढं झाली. "भावजी, पालखी निघताना देवळाच्या उंबऱ्यावर वाजप मोडलं तर देव माघारी फिरतो, त्या सालची जत्राच व्हत न्हाय. ठावं हाय न्हवं?"

"मोडतंय कशाला? वैनी, एकच सूर तर धरायचा. आमच्या म्हशीचं रेडकूबी धरंल! आन् दादा खोकला तर? देवाम्होरं हसं करायचं का माझं?"

अंगणातली माणसं हसली. भागूही हसला, आणि तेच गजराबाईला सोसवेना.

सर्जेराव गेल्यावर भागू महाराजांकडं गेला. "म्हाराज, देवाची एवढीच चाकरी येत हुती. तीबी गेली."

महाराजांनी त्याच्या छातीवरून हात फिरवला. "कोण म्हणतं गेली? तू घरी बसून धर. पुढचं आम्ही बघतो."

जत्रेच्या सकाळी ढोल घुमायला लागले. भागूनं पाटावर बसून सुराची नळी ओठांना लावली. एक फुंकर घातली आणि खोकल्यानं असा पिळवटला की डोळे पांढरे झाले. गजराबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "नाथा," ती म्हणाली, "सूर ऱ्हाऊ दे. ह्यांचा श्वास तेवढा तोडू नगंस."

पालखी उंबऱ्याशी आली असावी. सर्जेरावाची सनई उठली, वर चढली, आणि तिला उतरायला जागाच सापडेना. शंभर ढोलांत पेटी ऐकू येते होय! सनई इकडं फाटली, तिकडं चिरकली. ढोल बिचकले. एकेक हलगी गप्प झाली. कुणीतरी ओरडलं, "देव माघारी निघाला!"

आणि सूर आला.

तो सूर गजराबाई हजारांत ओळखती. नाकानं श्वास घेताना त्यात बारीकशी गाठ यायची. लग्नानंतर कितीतरी दिवस तिला त्या गाठीचा राग यायचा, आणि पुढं तिच्यावाचून झोप येईना. तीच गाठ होती! सूर देवळाकडून येत होता, आणि सूर धरणारा तिच्या मांडीवर होता. नळी त्याच्या मुठीत होती. त्याचा श्वास लहान लेकरासारखा संथ चालला होता.

त्या सुरावर सनईनं पाय टेकले. मग सर्जेराव असा वाजला, असा वाजला, की पालखी कधी उंबरा ओलांडून गेली ते भोयांनाही कळलं नाही.

पालखी वेशीला पोचली तसा सर्जेराव तावातावानं भागूच्या घरी आला. "वैनी, दादा लपून का वाजवतुया? चार माणसांत मला खाली बघाय लावायला?"

"हळू बोला," गजराबाई म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

सर्जेरावानं भागूकडं पाहिलं, त्याच्या मुठीतल्या नळीकडं पाहिलं. "मग... सूर देवळामागनं येत हुता, वैनी."

दोघं लिंबाखाली धावली. महाराज भिंतीला टेकून बसले होते. हातात काही नव्हतं. गाल टम्म फुगून लाल झालेले, ओठ फुटलेले, आणि छाती भागूच्या दम्यानं घरघरत होती.

जरीचा फेटा महाराजांच्या पायांवर उतरला. "चुकलो म्हाराज! मला वाटलं, सनई मी वाजवतो."

"इथं नको," महाराज धापा टाकत म्हणाले. "त्याच्या पाया पड जा. पण उठवू नकोस हो, फार दिवसांनी झोपलाय."

सर्जेरावानं झोपलेल्या भागूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो जागा होईपर्यंत तिथंच बसून राहिला. आजही बोरजाईत जत्रेची पहिली सुपारी सूर धरणाऱ्याच्या घरी जाते. सनईची तिच्या मागून.

गजराबाई मात्र महाराजांपाशीच थांबली होती. तिनं त्यांना कोमट पाणी पाजलं. ते कसंबसं गिळून, सुजलेले गाल चोळत महाराज म्हणाले, "पोरी, एवढाच एक सूर, पण दम काढतो गं! तुझा धनी हे रोज कसं करायचा?"