उंबऱ्याकडे सरकणारी सावली

एकदा काय झालं, फार फार वर्षांपूर्वी चीन देशात एक राजा होता. मुकुल, पाय पांघरुणात घे बघू. हां. तेव्हा जग नवं कोरं होतं. सूर्य कसा चालतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवस लहान होऊ लागला की माणसं आभाळाकडे बघत बसायची. वाटायचं, चालला हा आपल्याला सोडून!

राजाच्या पदरी गू नावाचा म्हातारा होता. त्यानं महालासमोरच्या अंगणात उंच बांबू रोवला. रोज भर दुपारी त्याची सावली दोरीनं मोजायची आणि दोरीला गाठ मारायची. एवढंच काम, बरं का!

गूला तीन मुलगे. थोरला वसंतात सावली मोजायला बसला. म्हणाला, "महाराज, आज दिवस आणि रात्र सारखे." राजानं त्याला शाल दिली. मधला उन्हाळ्यात बसला. सावली आखडत आखडत इवलीशी झाली आणि मग परत वाढू लागली. त्यालाही शाल. धाकटा शरदात बसला. पुन्हा दिवस-रात्र सारखे. पुन्हा शाल! मग आली थंडी, आणि तिघांनाही एकदम कामं निघाली. एकाची पाठ धरली, एकाला सासुरवाडीचं बोलावणं आलं, एक तर न सांगताच पळाला. शाली घेऊन हं, मेले!

मग राहिली कोण? त्यांची बहीण, निंग.

सावली रोज लांबत चालली. महाल अंगणाच्या उत्तरेला, आणि सावली सरकत होती थेट त्याच्या दाराकडे. विहिरी गोठल्या. कोंबड्या दुपारीच खुराड्यात शिरू लागल्या. लोक कुजबुजायचे, "ही सावली नव्हे, काळं जनावर आहे. उंबरा ओलांडलान् की आपल्याला गिळणार." राजाही घाबरला. त्यानं काय करावं? बांबूच तोडून चुलीत घातला! नवा रोवायलाही बंदी केली.

गू म्हणाला, "महाराज, डोळे मिटले म्हणून वाघ जातो होय?"

राजा भडकला. "तीन दुपारी देतो. सूर्य मागं फिरला नाही तर तुझं डोकं उडवीन."

आता मोजायचं कशानं? तेव्हा निंग म्हणाली, "बाबा, मी उभी राहते बांबूच्या जागी."

जोड्यांनी उंची वाढते, म्हणून तिनं जोडे काढले. अनवाणी, बर्फावर, बांबूच्या खड्ड्यापाशी टाचा जुळवून ताठ उभी राहिली. पहिल्या दुपारी गूनं सावली मोजून गाठ मारली. दुसऱ्या दुपारी सावली गाठीच्या पुढं गेली, बाजरीच्या दाण्याएवढी. तिथं नवी गाठ. पायरीवर मारेकरी तलवारीला धार लावत होता. खस्स, खस्स.

मग गू तिच्या कानाशी लागला. "पोरी, उद्या गुडघे जरासे वाकव. झग्याखाली कुणाला दिसतंय? सावली आखूड होईल. मी वाचेन गं."

निंगला रडू कोसळलं. बापाचं डोकं, बाळांनो! पण ती म्हणाली, "मी वाकले म्हणून सूर्य थोडाच वळणार? बाबा, आपल्या गाठी बघून लोक पेरणी करणार आहेत."

तिसरी दुपार आली. निंगचे पाय निळे पडले होते. आभाळात ढग. सावलीच नाही! मारेकरी उठला. गूनं मान खाली घातली. आणि मग ढग जरासा सरला. गूनं दोरी धरली. सावली कालच्या गाठीच्या आत होती. दाणाभर.

"वाकली असशील!" राजा ओरडला.

मारेकऱ्यानं भाल्याचा दांडा आणून तिच्या पाठीला लावला. त्यानं पहिल्याच दिवशी, कुणाला न सांगता, तिच्या उंचीची खूण त्यावर कोरून ठेवली होती. निंगचं डोकं बरोब्बर खुणेवर. केसभरही खाली नाही.

गूनं कपाळाला हात लावला. पोरीनं आपलं ऐकलं असतं तर?

राजानं स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि खाली बसून निंगचे पाय गुंडाळले. सूर्य खरंच वळला होता. त्या वर्षापासून दिवस-रात्र सारखे होतात ते दोन आणि सूर्य वळतो ते दोन, अशा वर्षाच्या चार दिवसांना चार खुणा झाल्या, वेळेवर पेरण्या झाल्या, आणि सगळे पोटभर जेवून सुखात राहिले.

मुकुल, पुन्हा पाय बाहेर? तिचे गारठले, तुझे कशाला? घे आत. डोळे मीट. सूर्याला वाट ठाऊक आहे, येईल तो सकाळी.