पार्बताबाईची साक्ष

"पण सर, उद्याच्या अपिलाला निनाद का? मी का नाही?"

किन्हीकर सर समोरचे कागद चाळत राहिले. उच्च न्यायालयात फौजदारी अपिलं चालवता चालवता त्यांचे केस पांढरे झाले होते. घाईच्या प्रश्नांची त्यांना सवय होती.

रेवती डहाके त्यांची ज्युनिअर. निनाद काळमेघ दुसरा. ती त्याच्या वर्षभर आधी आलेली. हे ती एक दिवसही विसरत नसे.

"दौलत मसराम नऊ वर्षं तुरुंगात सडतोय," ती म्हणाली. "एका बाईच्या शब्दावर. पार्बताबाईची साक्ष मला पाठ आहे, सर. निनादनं अजून पेपरबुक, खटल्याच्या कागदांचं ते बाड, उघडलं तरी का?"

"काय आहे साक्षीत?"

"खून झाला त्या दिवशी पोलिसांना म्हणाली, कुऱ्हाड घेऊन कुणीतरी पळाला, पाठमोरा होता. तीन आठवड्यांनी पुन्हा जबाब दिला. तो दौलतच होता म्हणे! पुढे कोर्टातही तेच. आणि मधल्या काळात काय झालं? गावच्या कोतवालाच्या जागेचा आदेश आला. तिच्या नवऱ्याला जागा मिळाली नाही, दौलत लागला."

"मग उद्या तू काय सांगशील?"

"बाई खोटारडी आहे."

"खालच्या न्यायाधीशांनी तिला समोर पाहिलंय. न अडखळता बोलली, असं निकालात लिहिलंय त्यांनी. वरच्या कोर्टानं तिला कधी पाहिलेलंच नाही. तुझ्या सांगण्यावरून तिला खोटारडी का म्हणायचं त्यांनी?"



बाहेरून निनादचं हसणं ऐकू आलं. काल सरांनी आपल्या थर्मासमधला चहा त्याला स्वतः ओतून दिला होता. वर "घे रे बाळ" म्हणाले होते. तिला कधी साधं "बस" म्हणाल्याचं आठवत नव्हतं.

"आणि तो चोर आहे," ती एकदम म्हणाली. "सांगणार नव्हते, पण सांगते. अपिलाच्या टिपणांची माझी फाईल त्यानंच नेली. मी डोळ्यांनी पाहिलंय."

सरांनी टेबलावरचा कोरा कागद उचलला. खुर्ची फिरवली. तिच्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

"सर?"

"बोल. मी वरचं कोर्ट. मला तुझा चेहरा दिसत नाही."

"...लायब्ररीच्या जिन्यावरून उतरत होता. माझी हिरवी फाईल काखेत."

"समोरून पाहिलंस?"

"पाठमोरा होता. पण चाल त्याचीच! खांदे उडवत चालतो ना, जग जिंकल्यासारखा."

"जग जिंकल्यासारखा. हेही दिसलं?"

"सर, थट्टा नको."

पेन कागदावर चालत राहिलं.

"कधीची गोष्ट?"

"सोमवारची."

"सोमवारी तू याच दारात उभी होतीस. फाईल कुणीतरी नेली म्हणालीस. जिन्यावर काळा कोट दिसला, एवढंच. मी म्हटलं, इथे सगळ्यांचेच कोट काळे."

"तेव्हा... तेव्हा लक्षात आलं नव्हतं."

"कधी आलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी काय झालं होतं?"

...

मंगळवारी सकाळी सरांनी अपील निनादकडे दिलं होतं.

"मी खोटं बोलत नाहीये, सर!" तिचा आवाज चिरकला. "डोळे मिटले की मला तोच दिसतो. अगदी त्या खांद्यांसकट."

"तू खोटं बोलतेस, असं मी कुठे म्हटलं?"

सरांनी न वळताच कागद खांद्यावरून मागे धरला.

"वाच. बरोबर असेल तर सही कर."

तिनं वाचलं. सगळं तिचंच बोलणं, शब्दाला शब्द. फक्त शेवटची ओळ सरांची होती. 'हे म्हणणे खरे नाही की, अपील निनादला मिळाले म्हणून मी त्याचे नाव घेत आहे.'

उलटतपासात समोरचा वकील आरोप करतो आणि साक्षीदार तो नाकारतो. प्रत्येक साक्षीच्या शेवटी ही ओळ असते. पार्बताबाईच्या साक्षीतही होती, कोतवालाच्या जागेची. रेवतीनं तिच्याखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या होत्या. समासात 'नाटकी!' असं लिहिलं होतं.

तिनं पेन उघडलं. कागदावर टेकवलं.

शाईचा ठिपका पसरत गेला...

"सोमवारी फक्त कोट होता, सर," ती म्हणाली.

सर वळले नाहीत.

"पार्बताबाईला... तिलाही दौलत दिसत असेल. खरंच दिसत असेल."



रेवतीनं कागद टेबलावर ठेवला, सहीविना. पर्स उचलली.

"उद्या निनादच उभा राहू दे, सर. माझ्यासारखीनं कुणाची साक्ष तपासू नये."

आता सरांनी खुर्ची फिरवली. दौलत मसरामचं पेपरबुक उचलून तिच्या हातात दिलं.

"निनादला आजवर कधी कुणाचा हेवा वाटलेला नाही. त्या बाईला तो काय ओळखणार!"