धानाईचा तळहात आणि सात पदर

हे गजानना, हे माते शारदे, क्षणभर माझ्या जिभेवर विसावा. बोल तुमचे, ओठ तेवढे माझे.

एक होता राजा. त्यानं नगराच्या माथ्यावर मोठं तळं बांधवलं. तळ्याला मातीची उंच पाळ, आणि पाळीखाली सगळं नगर. पाळ घालताना मध्ये एक उंबर आला. उंबर म्हणजे देवाचं झाड! त्याला कुऱ्हाड कशी लावायची? मग बांधकामाचा मुख्य, स्थपती, हात जोडून म्हणाला, "राहू दे देवाला पाळीच्या पोटात." उंबराभोवतीच माती चढवली. भक्ती खरी होती हो! पण बुंधा आतल्या आत कुजला, आणि पाण्याला वाट सापडली.

पाळीजवळ माल्हण कुंभार राहत असे. त्याची लेक धानाई. तिचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे. ती हातांवर सरकत चाले. बाकीचे पायांनी माती तुडवत, ही तळहातांनी मळत असे. एकही खडा तिच्या हातून सुटत नसे, बरं का.

श्रावणात तळं भरलं. पाणी रोज वीतभर चढे. एके सकाळी पाळीवरून सरकताना धानाईचा तळहात उंबरापाशी थबकला. माती गार! आतून ओली!

पहिल्या दिवशी तिनं स्थपतीला सांगितलं. तो हसला. "अगं, स्वतःचे पाय सांभाळ आधी! पाळ माझी धड उभी आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं बापाला सांगितलं. माल्हण घाबरला. "पोरी, देवाच्या झाडाला नावं ठेवू नये."

तिला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पाळीवर गेली. माती आता थरथरत होती. धानाई पाण्याकडे वळून म्हणाली, "साती आसरांनो, जळातल्या आयांनो, माझं कुणी ऐकत नाही हो!"

तोच पाणी दुभंगलं. सात बहिणी वर आल्या. सातही जणींनी आपले हिरवे पदर पाळीला आतून लावून धरले. थोरली म्हणाली, "लेकी, हे पदर तीन घटका टिकतील. पुढचं माणसांनी करायचं."

राजा टेकडीवरच्या देवळात पूजेला बसला होता. मग धानाई निघाली. पहिली घटका चिखलात गेली. दुसरी बाभळीच्या काट्यांत गेली. तिसरी लागली, तेव्हा ती देवळाच्या पायऱ्या चढत होती. कोपरं सोलली, तरी थांबली नाही. खालून पाळ कण्हल्यासारखा आवाज येत होता.

"महाराज, पाळ आतून फुटते आहे!"

स्थपती तिथेच होता. "महाराज, मी आजच पाळीवरून चालून आलो."

"चालून आलास ना, काका? पायात वहाणा घालून? महाराज, तुम्ही तळहात टेकून बघा. माती कोरडी निघाली तर मला नगराबाहेर काढा."

राजानं तिला घोड्यावर पुढ्यात घेतलं. पाळीवर येताच तो उतरला, मुकुट काढला आणि हातागुडघ्यांवर रांगू लागला. राजा, बरं का! उंबरापाशी त्याचा तळहात गार पडला. चेहरा त्याहून गार.

"सांडवा फोडा! जादा पाण्याची वाट मोकळी करा!" तो ओरडला.

पाणी बाजूच्या ओढ्याला धावलं. तळं उतरलं, तेव्हा सात पदर अलगद सुटले. मग उंबराची क्षमा मागून त्याची फांदी देवळाशी रोवली. कुजका बुंधा काढला. सगळ्या कुंभारवाड्यानं माती तुडवली, आणि प्रत्येक गोळा धानाईच्या हाताखालून गेला. स्थपतीनं डोक्यावरून पाट्या वाहिल्या. "पोरी, चुकलो," एवढंच म्हणाला.

धानाईचे पाय होते तसेच राहिले. पण राजानं तिला पाळीची राखणदार केलं. तेव्हापासून त्या नगरात पावसाळ्याआधी राजापासून रंकापर्यंत सारे पाळीवरून रांगत जात, आणि पुढे धानाई. पाळ पुन्हा कधी आतून ओली झाली नाही. सगळी सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे. देव ऐकणाऱ्या प्रत्येक लेकराला बळ देवो. घराघरात पाणी, अन्न आणि शांत झोप नांदो.