इंदिराबाईंची तार

दंड चारशे होता की पाचशे, हे बरीच वर्षं खात्रीने आठवत नव्हतं. पण बँकेने तो कापला आणि चिपळूणच्या पापडवाल्या इंदिराबाईंचे उडीद आणायचे पैसे गेले, एवढं नक्की.

"शिल्लक भरायला उशीर केलात, आजी. उशिराला दिवसाला शंभर. नियम सगळ्यांना सारखा," मॅनेजर म्हणाले.

"सगळ्यांना? मग लिहून द्या. सुनेला खरं वाटायचं नाही."

साहेबांनी ऐटीत लिहून शिक्का मारला.

बाईंनी पिशवीतून पावत्या ओवलेली तार काढली. "ही तुमचीच पावती. चेक भरला तीन तारखेला, तुम्ही जमा केलात अकराला. म्हणून तर शिल्लक कमी पडली. आठ दिवसांचा तुमचा दंड काढा, साहेब."

साहेब आपल्याच शिक्क्याकडे बघत राहिले.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाईंचं पासबुक पाहायला मिळालं. कापलेले पाचशे होते आणि जमा आठशे.