बसलेल्या म्हशीचं माप

एके काळी बेडूक तळ्याचं पाणी म्हशीच्या अंगावरून मोजत. पाठीला लागलं की भरपूर, आणि गुडघ्याखाली गेलं की पिल्लांना घेऊन पाटानं नदीकडे निघायचं. पिल्लांना अजून पाय फुटलेले नसत, म्हणून पाट आटायच्या आत निघालं नाही तर ती मेलीच म्हणून समजा.

त्या उन्हाळ्यात म्हैस रोज ऐटीत सांगायची, "बघा, पाणी पाठीपर्यंत आहे! पण मध्ये कुणी यायचं नाही, पाणी गढूळ होतं." बाई चिखलात बूड रुतवून बसली होती! बेडूक गेले तर अंगावरच्या माश्या कोण खाणार, एवढीच तिची काळजी.

भागी नावाची फटकळ बेडकी म्हणाली, "म्हशीबाई, जरा उभ्या राहता का?"

"तुला गं कशाला नसत्या चौकशा? मोठ्यांचं मोठे बघतील."

"पिल्लं माझी, तळं सगळ्यांचं, आणि चौकशी तेवढी नसती होय?" भागी वळून बेडकांना म्हणाली, "ही उठेपर्यंत कुणी एक माशी खाईल तर याद राखा!"

दुपारपर्यंत माश्यांनी म्हशीला असं फोडून काढलं, की ती रेकत ताडकन उभी राहिली. पाणी गुडघ्याच्याही खाली! बेडकांनी लगेच पिल्लं पाटात हाकली.

"अगं, निघालात कुठं?" म्हैस ओरडली.

भागीनं पाटातून मान वर काढली. "नदीला! विचारलंत की लगेच सांगितलं, बघा. एवढं सोपं असतं ते."