काचेच्या डोळ्यांची बाई

माणसं काचेचे डोळे लावून समुद्रात उतरू लागली, त्या काळातली ही गोष्ट.

खडकाळ किनाऱ्यालगत पाण्याखालच्या एका कपारीत कुर्ली, म्हणजे खेकडीण, आणि सापासारखी लांबट वाम मासळी शेजारी राहत. रोज सकाळी एक बाई डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून यायची, बुडी मारून दोघींना नुसती बघायची. वाम तिच्या हाताशी जाऊन खेळायची.

"काही न नेता कुणी रोज येतं होय?" कुर्ली म्हणायची.

"तुला सगळेच चोर दिसतात, कुर्लीताई!"

एके दिवशी तशीच काच, तशीच नळी दिसली. वाम लगबगीनं निघाली. पण हा माणूस दुसराच होता आणि त्याच्या हातात भाला होता. कुर्लीनं झटकन वामीची शेपटी नांगीत पकडून तिला मागे खेचलं. भाला वामीची पाठ खरवडून खडकावर आपटला.

"सांगत नव्हते मी?" कुर्ली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. दोघी आत दडून राहिल्या. बाईनं कपारीपुढे हात धरला, पुन्हापुन्हा बुडी मारून वाट पाहिली आणि अखेर निघून गेली.

"हिनं तर काहीच केलं नव्हतं गं," वाम पुटपुटली.

कुर्लीलाही ते कळत होतं. तरी ती कपारीच्या तोंडाशी आडवी बसून राहिली.